अडेलच्या '३०'चा आकडा आणि चाहत्यांची कुरकुर: पार्श्वभूमी

नोव्हेंबर २०२१ मध्ये ब्रिटिश गायिका अडेलचा '३०' हा अल्बम आला आणि अमेरिकेत पहिल्याच आठवड्यात त्याची सुमारे ८ लाख ३९ हजार युनिट्स झाली (युनिट म्हणजे काय, ते पुढे येतंच). त्या वर्षी इतका मोठा पहिला आठवडा दुसऱ्या कुठल्याच अल्बमला मिळाला नाही. तरी चाहत्यांच्या गप्पांत कुरकुर राहिलीच, कारण तिच्या आधीच्या, २०१५ मधल्या '२५' या अल्बमचा पहिल्या आठवड्याचा आकडा सगळ्यांना तोंडपाठ होता: ३३ लाख ८० हजार. सहा वर्षं वाट पाहिली ती यासाठी का, असं कुणालाही वाटेल. फक्त हे दोन आकडे एकाच मापाने मोजलेले नाहीत: '२५'चा आकडा निव्वळ खरेदीचा, '३०'चा युनिट्सचा.

अमेरिकेत १९९१ पर्यंत दुकानदारांना विचारून अल्बमच्या खपाची क्रमवार यादी बनायची. त्या वर्षी बारकोडवरून मोजणी सुरू झाली आणि पुढची दोनेक दशकं 'विकला' म्हणजे विकला, इतकं ते सरळ होतं. डिसेंबर २०१४ मध्ये यादी करणाऱ्यांनी नियम बदलला. अल्बममधली गाणी १५०० वेळा स्ट्रीम झाली किंवा १० गाणी सुटी विकली गेली, की एक अल्बम धरायचा. त्या एककाला नाव मिळालं युनिट. बातम्यांत मात्र आजही सर्रास 'विक्री' असंच छापतात, आणि अर्धी भांडणं तिथूनच सुरू होतात. २०१८ मध्ये आणखी फाटे फुटले: पैसे भरून ऐकणाऱ्यांची १२५० ऐकणी म्हणजे एक अल्बम, फुकट ऐकणाऱ्यांची ३७५०, असा हिशेब तेव्हा ठरला. '३०'मध्ये १२ गाणी आहेत. म्हणजे तेव्हाच्या त्या हिशेबाने पैसे भरणाऱ्या चाहत्याने तो अथपासून इतिपर्यंत सुमारे १०४ वेळा ऐकला, तेव्हा कुठे त्याच्या नावावर एक अल्बम. शेजारच्याने सीडी आणून प्लास्टिकही न काढता कपाटात ठेवली, तरी त्याचा एक झालाच! '३०'च्या ८ लाख ३९ हजारांत खरोखरची खरेदी सुमारे ६ लाख ९२ हजारांची होती. २०२१ साली, जेव्हा सीडी लावायला घरात काही उरलंच नव्हतं, तेव्हा हा आकडा मला तरी थक्क करणारा वाटतो.

'२५'च्या वेळी स्ट्रीमिंगची वाटच बंद ठेवली होती, आणि हाच निर्णय सगळ्यात वादग्रस्त. २० नोव्हेंबर २०१५ ला अल्बम आला, पण स्ट्रीमिंगवर तो २४ जून २०१६ ला पोचला. तब्बल सात महिने. स्ट्रीमिंगसाठी दरमहा पैसे भरणाऱ्या चाहत्याला सुरुवातीला त्यातलं 'हॅलो' हे गाणं तेवढं मिळायचं. बाकीच्या गाण्यांसाठी वेगळी खरेदी. वर अमेरिकेतल्या एका दुकानसाखळीकडच्या आवृत्तीत तीन गाणी जास्तीची, म्हणजे कट्टर चाहत्याने दोनदा खिसा मोकळा करायचा. विक्रमाच्या दृष्टीने डाव अचूक पडला. अमेरिकेतला २००० सालचा २४ लाखांचा विक्रम मागे पडला आणि ब्रिटनमध्ये पहिल्या आठवड्यात ८ लाखांवर प्रती खपल्या. (ब्रिटनमधला आधीचा, १९९७ चा सुमारे ७ लाखांचा विक्रम तीनच दिवसांच्या विक्रीचा होता, हे सहसा कुणी सांगत नाही.) पण त्या आकड्यामागे चाहत्यांची अडवणूकही होती, आणि पुढच्या प्रत्येक अल्बमच्या डोक्यावर ते ओझं बसलं.

'३०'ला पहिल्या दिवसापासून स्ट्रीमिंग खुलं होतं. प्रसिद्धीचा क्रम जुनाच: महिनाभर आधी एक गाणं, मग टीव्हीवर मोठा कार्यक्रम, मग अल्बम. पुढचा टप्पा लास वेगासमधल्या गाण्याच्या खेळांचा होता, २१ जानेवारी २०२२ पासून. २० तारखेला गायिकेने रडत व्हिडिओ टाकला: तयारी झालेली नाही, खेळ पुढे ढकलतेय. तोवर कित्येक जण विमानाने तिथे पोचलेही होते. माझ्या मते '३०'च्या प्रसिद्धीतली हवा त्या दिवशी गेली; आकड्यांवरून कुरकुरणारे आता तिकिटांवरून बोलू लागले. लांबलेल्या २४ खेळांच्या नव्या तारखा जुलैत जाहीर झाल्या, त्यात ८ वाढवले गेले, आणि पहिला खेळ १८ नोव्हेंबर २०२२ ला झाला. अल्बमला वर्ष व्हायला तेव्हा एकच दिवस बाकी होता.