नव्या पिसांनंतरची भूक

दिवाळीच्या सुमारास विदर्भातल्या गावांत खुराड्याभोवती पिसे विखुरलेली दिसू लागतात, कोंबडी अंडी द्यायची थांबते आणि तिला नजर लागली किंवा ती आता कामातून गेली, असे घरात कोणीतरी म्हणतेच. मग पुढच्या बाजाराला ती विकली जाते. प्रत्यक्षात हा आजार नव्हे. नागपूरच्या अक्षांशावर जून आणि डिसेंबर यांतील दिवसांच्या लांबीत सुमारे अडीच तासांचा फरक असतो, आणि दिवस लहान होऊ लागले की कोंबडीचे अंडाशय आकसते व ती जुनी पिसे टाकून नवी उगवते.

पीस म्हणजे बहुतांशी केराटिन हे गंधकयुक्त प्रथिन. त्यामुळे या काळात केवळ तांदळाच्या कणीवर किंवा ज्वारीवर भागत नाही. सोयाबीनची ढेप उपयोगी पडते, मात्र घरचे कच्चे सोयाबीन देऊ नये, कारण त्यातील घटक प्रथिनांचे पचनच रोखतात. इतके बहुतेकांना पटते. घोळ होतो तो पिसे भरून आल्यावर, पुन्हा अंड्यांवर येणाऱ्या कोंबडीला कॅल्शियम देताना.

अंड्याच्या कवचात सुमारे २ ग्रॅम कॅल्शियम असते. कवच घडायला अठरा-वीस तास लागतात आणि त्यातले बरेचसे काम रात्री, कोंबडी काही खात नसताना चालते. कवच भरात असताना रक्तातून दर तासाला शंभराहून अधिक मिलिग्रॅम कॅल्शियम काढले जाते. मुळात रक्तात एका वेळी त्याच्या निम्मेही नसते. ही तूट भरून काढण्यासाठी निसर्गाने जी सोय केली आहे, तिला मेड्युलरी हाड म्हणतात. पहिल्या अंड्याच्या सुमारे दोन आठवडे आधी, इस्ट्रोजेन या संप्रेरकाच्या प्रभावाने, लांब हाडांच्या पोकळीत ठिसूळ हाडाचे जाळे विणले जाते. रात्री अस्थिभक्षक पेशी ते विरघळवतात आणि दिवसा ते पुन्हा भरले जाते. विरघळताना कॅल्शियमसोबत फॉस्फेटही सुटते व विष्ठेवाटे निघून जाते, म्हणून पुनर्भरणाला फॉस्फरस लागतो, आणि आतड्यातून कॅल्शियम शोषून घ्यायला ड जीवनसत्त्व. २००५ मध्ये जीवाश्मशास्त्रज्ञ मेरी श्वाइट्झर यांनी टायरॅनोसॉरस या डायनासोरच्या मांडीच्या हाडात अशाच ऊतीची नोंद केली, यावरून ही युक्ती किती जुनी असावी याची कल्पना यावी.

हे जाळे विणले जाण्याचे बाहेरून दिसणारे चिन्ह म्हणजे तुरा. फिका पडलेला तुरा पुन्हा लाल होऊ लागला की अंडाशय जागे झाले असे समजावे आणि तेव्हापासून हळूहळू साडेतीन ते चार टक्के कॅल्शियमच्या खाद्याकडे वळावे. त्याआधी भरमसाट कॅल्शियम दिल्यास मूत्रपिंडांवर ताण येतो. गावरान कोंबडी कमी अंडी देते, त्यामुळे तिला खाद्यात मिसळण्यापेक्षा कॅल्शियम वेगळ्या भांड्यात ठेवणे बरे.

कृषी केंद्रातून महागड्या कॅल्शियम टॉनिकची बाटली आणण्यापेक्षा शिंपल्यांचा जाडसर चुरा अधिक कामाचा, कारण भुकटी किंवा द्रव लवकर पुढे सरकतो, तर दोन-चार मिलिमीटरचे कण पेषणीत, म्हणजे दाणे भरडणाऱ्या स्नायूंच्या पोटात, अडकून रात्रभर विरघळत राहतात. वणी-कोरपना पट्ट्यातील चुनखडीचा चुराही चालतो, पण मॅग्नेशियम अधिक असलेला डोलोमाइट नको, आणि तंबाखूचा चुना तर मुळीच नको. भांडे दुपारनंतर भरलेले असावे. अंड्यावर आलेली कोंबडी खुराड्यात शिरण्यापूर्वी संध्याकाळी स्वतःच ते कण वेचून खाते.