बसायचं कुठे?

संध्याकाळी साडेसहाला मित्राचा फोन येतो, “काय, बसायचं का आज?” कशाला बसायचं, हे आपल्याकडे कुणी विचारत नाही. दारू सोडलेल्या माणसाची घसरण अनेकदा या एका फोनपासून सुरू होते.

कारण मेंदूत आहे. दारू पोटात गेली की मेंदूत डोपामिन नावाचं रसायन पाझरतं आणि ‘हे पुन्हा कर’ असा धडा गिरवला जातो. वर्षानुवर्षं पिणाऱ्याच्या बाबतीत हा धडा नुसत्या दारूपुरता राहत नाही. मित्राचा आवाज, बारकडे जाणारं वळण, चखण्याची वाटी, पगाराची तारीख, सगळं त्याला चिकटत जातं. मग सोडून सहा महिने झालेले असले तरी तो फोन आला की मेंदू जुन्या सवयीने जागा होतो, आणि ‘थांब’ म्हणणारा कपाळामागचा भाग तर दारूनेच दुबळा झालेला असतो. अशा माणसाला “जरा मनावर ताबा ठेव” म्हणणं म्हणजे पाय मोडलेल्याला जिना चढायला सांगणं.

मेंदूचं हे शास्त्र कुणाला ठाऊक नव्हतं तेव्हा, 1935 च्या मे महिन्यात, बिल विल्सन नावाचा न्यूयॉर्कचा एक गृहस्थ अमेरिकेतल्या ॲक्रन गावी हॉटेलच्या लॉबीत उभा होता. धंद्याचं काम फिसकटलेलं, दारू सोडून जेमतेम पाच महिने झालेले, आणि समोर बार. त्याने बारऐवजी टेलिफोन गाठला. गावातल्या चर्चना फोन लावत त्याने आपल्यासारखाच एखादा दारुडा भेटेल का, अशी चौकशी केली. त्यातून डॉ. बॉब स्मिथ हा व्यसनात बुडालेला सर्जन भेटला आणि दोघं तासन्‌तास बोलत बसले. डॉ. बॉबने 10 जून 1935 ला शेवटचा घोट घेतला. तोच दिवस दारू सोडू पाहणाऱ्यांच्या संघटनेचा, अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमसचा, म्हणजे एएचा, स्थापना दिवस मानला जातो. यातली एक गोष्ट मला फार मोलाची वाटते. बिलला त्या संध्याकाळी दुसऱ्याला वाचवायचं होतं ते स्वतः वाचण्यासाठी.

माझ्या मावसभावाला सोबत म्हणून मी एकदा एएच्या खुल्या मीटिंगला गेले होते. एएमध्ये बंद मीटिंग फक्त व्यसनी माणसांसाठी असते, खुल्या मीटिंगला घरचेही बसू शकतात. शाळेचा वर्ग, लहान मुलांचे ठेंगणे बाक, त्यांवर गुडघे दुमडून बसलेली मोठी माणसं. एकेक जण पहिलं नाव सांगे, “मी अल्कोहोलिक आहे” म्हणे आणि आपली हकिगत सांगे. मध्ये कुणी बोललं नाही, कुणी उपदेश केला नाही. एका काकांनी मुलीच्या बारशाचे पैसे कसे प्यायले ते सांगितलं, तेव्हा भाऊ खाली बघत होता. त्याचीही तशीच एक गोष्ट होती, जी त्याने घरात कधीच कबूल केली नव्हती. बाहेर आल्यावर तो एवढंच म्हणाला, “ताई, हे माझंच सांगत होते गं.”

याने खरंच फरक पडतो का? 2006 साली कॉक्रेन या वैद्यकीय पुरावे तपासणाऱ्या संस्थेच्या वतीने उपलब्ध अभ्यासांचा आढावा घेतला गेला, तेव्हा ठाम पुरावा हाती आला नव्हता. 2020 च्या आढाव्यात 27 अभ्यास आणि 10,565 माणसं होती. एएशी जोडून देणारे उपचार घेतलेल्यांपैकी सुमारे 42 टक्के लोक वर्षभरानंतर पूर्ण कोरडे होते, इतर उपचारांत सुमारे 35 टक्के. म्हणजे सगळ्यांनाच गुण येतो असं नाही, पण फरक खरा आहे. तो कशामुळे पडतो याचाही शोध घेतला गेला. त्यात ठळकपणे दिसली ती संगत: आयुष्यातली पिणारी माणसं कमी झाली, न पिणारी वाढली. ‘बसायचं’ राहिलं, बैठक बदलली.

एक गोष्ट मात्र कळकळीने सांगते. रोज भरपूर पिणाऱ्याने मीटिंगच्या भरवशावर एका दिवसात दारू तोडू नये. हातापायांना कंप, झटके, दोन-तीन दिवसांनी भास आणि भ्रम असं होऊ शकतं, आणि ते जिवावर बेतू शकतं. आधी डॉक्टर गाठावा. पुण्यात डॉ. अनिता आणि अनिल अवचट यांनी 1986 साली उभं केलेल्या मुक्तांगणसारख्या केंद्रांत उपचार आणि गटातलं बोलणं दोन्ही मिळतं. कुठे जायचं ते कळत नसेल तर 14446 ही सरकारी व्यसनमुक्ती हेल्पलाइन आहे. एएच्या संकेतस्थळावर मीटिंगांच्या जागा आणि वेळा सापडतात. फी नसते, सोडायची इच्छा पुरते. घरच्यांसाठी अल-अ‍ॅनॉन हे वेगळे गट आहेत, आणि माणूस स्वतः यायला तयार नसला तरी बायकोने, आईने तिथे जावं.

एखादा गट नाही मानवला, तर दुसरा पाहावा. प्रार्थनेचं वातावरण काहींना जड जातं, माझ्या भावालाही गेलं. त्याला तिसरा गट रुचला. तिथून निघताना एका जुन्या मेंबरने चिठ्ठीवर नंबर लिहून त्याच्या खिशात घातला आणि म्हणाला, “साडेसहाच्या आधी मला फोन करायचा.”