स्पॅनिशमध्ये वेळ सांगताना सूर्य कुठे असतो?

स्पॅनिशच्या पहिल्या महिन्यात जवळजवळ प्रत्येक वर्गात एक तक्ता फळ्यावर येतो. पहाटेला 'माद्रुगादा', सकाळला 'मान्याना', बारानंतर 'तार्दे', अंधार पडला की 'नोचे'. तक्ता पाठ करून माणूस माद्रिदला उतरतो आणि 'लास दोस देल मेदिओदिया' असं ऐकतो. म्हणजे मध्यान्हीचे दोन. पाठोपाठ 'लास दोसे दे ला मान्याना', सकाळचे बारा. आणि 'लास ओचो दे ला तार्दे', म्हणजे आपण ज्याला बेधडक रात्रीचे आठ म्हणू ती वेळ. शिकणाऱ्याला वाटतं, समोरचा घाईत चुकला असेल. तो चुकलेला नसतो. हे शब्द घड्याळाच्या आकड्यांना चिकटवलेले नाहीत. ते जेवण आणि ऊन यांच्या मागोमाग चालतात आणि स्पेनमध्ये ऊन घड्याळाच्या बरंच मागे आहे. किती मागे आहे, ते पाचवीच्या भूगोलावर काढता येतं.

आधी वाक्यरचना उरकून घेऊ, ती सोपी आहे. 'के ओरा एस?' म्हणजे किती वाजले? उत्तरात एक वाजला असेल तर 'एस ला ऊना', बाकी सगळ्या तासांना 'सोन लास...': सोन लास दोस, सोन लास त्रेस. 'ला' आणि 'लास' येतात कारण ओरा हा शब्द स्त्रीलिंगी आहे. तो गाळला तरी त्याचं लिंग-वचन मागे राहतं. अर्ध्या तासापर्यंतची मिनिटं 'इ' लावून जोडायची, अर्ध्यानंतरची पुढच्या तासातून 'मेनोस' लावून वजा करायची. सव्वाचार म्हणजे 'लास क्वात्रो इ क्वार्तो', साडेचार म्हणजे 'लास क्वात्रो इ मेदिया', पावणेपाच म्हणजे 'लास सिंको मेनोस क्वार्तो'. पुढच्या तासातून पाव वजा करणं मराठी माणसाला लहानपणापासून येतं, त्यामुळे इथे तो अडखळत नाही. दीड आणि अडीचला मात्र वेगळे शब्द नाहीत, तिथे सरळ 'ऊना इ मेदिया', 'दोस इ मेदिया'.

अडखळतो तो इतरत्र. बाराला दहा कमी असतील तर 'सोन लास दोसे मेनोस दिएस', पण एकला दहा कमी असतील तर 'एस ला ऊना मेनोस दिएस'. घड्याळात अजून बाराच दिसत असले तरी क्रियापद एकवचनी, कारण वाक्य एकचं आहे. क्वात्रो म्हणजे चार आणि क्वार्तो म्हणजे पाव. 'र' जागेवरून हलला की सव्वाचारचे चार वाजून चार होतात. लॅटिन अमेरिकेत दोस (दोन) आणि दोसे (बारा) यांत फरक फक्त शेवटच्या 'ए'चा, तो गिळला तर भेट दहा तासांनी चुकते. माद्रिदमध्ये हा घोटाळा कमी होतो. तिथे दोसेमधला 'स' जिभेचं टोक दातांत धरून, हवा सोडत म्हणतात. तो मराठी 'थ' नव्हे. थ म्हणताना हवा अडते, इथे ती वाहत राहते. 'किती वाजता?' याचं उत्तर 'सोन'ने द्यायचं नाही, 'आ लास दोस' असं द्यायचं. भूतकाळात 'एरान लास त्रेस', पण एकला 'एरा ला ऊना'. मेक्सिको, कोलंबिया, चिली इथे मेनोसऐवजी 'दिएस पारा लास सिंको', म्हणजे पाचला दहा कमी, असं म्हणायची पद्धत आहे. तिथे मेनोस म्हटलं तरी समजतं. रेल्वेच्या घोषणांत हे काहीच नसतं, तिथे चोवीस तासांचे कोरडे आकडे.

आता सूर्य.

सूर्याच्या तुलनेत पृथ्वी २४ तासांत ३६० अंश फिरते, म्हणजे तासाला १५ अंश, एका अंशाला चार मिनिटं. ग्रीनिचच्या रेखावृत्तावर सूर्य सरासरी दुपारी बाराला डोक्यावर येतो (डोक्यावर म्हणजे त्या दिवसातल्या त्याच्या सर्वांत उंच जागी). जितके अंश पश्चिमेला जाल तितकी चौपट मिनिटं उशीर. माद्रिद ३.७ अंश पश्चिमेला आहे, म्हणजे तिथे ग्रीनिच वेळेप्रमाणे १२ वाजून १५ मिनिटांनी मध्यान्ह. पण स्पेनचं घड्याळ ग्रीनिचवर चालत नाही. ते मध्य युरोपच्या वेळेवर, एक तास पुढे चालतं. म्हणून हिवाळ्यात माद्रिदची मध्यान्ह सव्वाएकला. मार्चच्या शेवटच्या रविवारी घड्याळ आणखी एक तास पुढे जातं, मग ती सव्वादोनला. तेव्हा उन्हाळ्यात कुणी 'मध्यान्हीचे दोन' म्हणाला तर तो खगोलशास्त्राच्या दृष्टीनेही जवळजवळ बरोबर आहे, आणि 'सकाळचे बारा' म्हणणारासुद्धा, कारण सूर्याच्या हिशेबात तेव्हा पावणेदहाच वाजलेले असतात. वायव्य टोकाच्या गालिसिया प्रांतातलं व्हिगो ८.७ अंश पश्चिमेला आहे. तिथे उन्हाळ्यातली मध्यान्ह दोन पस्तीसला. पूर्व किनाऱ्यावरचं बार्सिलोना २.२ अंश पूर्वेला, तिथे एक एक्कावन्नला. ग्रीनिचचं रेखावृत्त स्पेनमधूनच जातं, कास्तेयोन शहराजवळून. सारागोसा-बार्सिलोना महामार्गावर तर त्याची कमान उभारली आहे. म्हणजे देशाचा बहुतांश भाग ग्रीनिचच्या पश्चिमेला आणि घड्याळ बर्लिनचं.

हे असं का, याची समाजमाध्यमांवरची लाडकी गोष्ट अशी की स्पेनचा हुकूमशहा फ्रँको याने हिटलरला खूश करायला घड्याळ पुढे केलं. गोष्ट चटपटीत आहे, पण तारखांशी जुळत नाही. १ जानेवारी १९०१ पासून स्पेन ग्रीनिच वेळेवर होता. १६ मार्च १९४० च्या रात्री अकराला घड्याळं बारावर नेली. त्याआधीच, २५ फेब्रुवारीला, ब्रिटन आणि फ्रान्स यांनी आपली घड्याळं उन्हाळी वेळेसाठी एक तास पुढे केली होती, आणि ते दोघे तर जर्मनीशी लढत होते. ७ मार्चच्या स्पॅनिश आदेशात इतर युरोपीय देशांशी वेळ जुळावी एवढंच कारण दिलं आहे. त्याच आदेशात 'नेहमीची वेळ पुन्हा कधी लागू करायची ते यथावकाश कळवू' असंही कलम आहे. ते यथावकाश अजून आलेलं नाही.

आतापर्यंत मी 'सरासरी' हा शब्द हळूच सरकवत आलो, कारण खरी मध्यान्ह वर्षभर एका जागी राहत नाही. ११ फेब्रुवारीच्या आसपास सूर्य सरासरीपेक्षा १४ मिनिटं उशिरा डोक्यावर येतो, ३ नोव्हेंबरच्या सुमारास १६ मिनिटं लवकर. माद्रिदला फेब्रुवारीत मध्यान्ह एक एकोणतीसला आणि नोव्हेंबरच्या सुरुवातीला एकच्याही मिनिटभर आधी. या फरकाला कालसमीकरण म्हणतात आणि त्याची कारणं दोन आहेत, एकमेकांशी संबंध नसलेली.

पहिलं कारण कक्षेचं. पृथ्वीची कक्षा किंचित लंबवर्तुळाकार आहे. जानेवारीच्या सुरुवातीला पृथ्वी सूर्याच्या सर्वांत जवळ असते आणि तेव्हा ती कक्षेत वेगाने धावते. एका मध्यान्हीपासून दुसऱ्या मध्यान्हीपर्यंत पृथ्वीला स्वतःभोवती ३६० अंशांहून थोडं जास्त फिरावं लागतं, कारण दरम्यान ती कक्षेत साधारण एक अंश पुढे गेलेली असते. ज्या दिवसांत कक्षेतला वेग जास्त त्या दिवसांत हे 'थोडं जास्त' वाढतं आणि सौरदिवस लांबतो. जुलैत उलट. एकट्या या कारणाने वर्षातून एक लाट तयार होते, पावणेआठ मिनिटांच्या आसपास उंचीची.

दुसरं कारण आसाचं, आणि ते समजायला जरा जड आहे. सूर्य आकाशात विषुववृत्ताच्या रेषेवरून सरकत नाही, तिला २३.४ अंशांनी तिरक्या असलेल्या क्रांतिवृत्तावरून, म्हणजे आकाशातल्या त्याच्या वर्षभराच्या वाटेवरून, सरकतो. घड्याळाला मात्र त्याची पूर्वेकडची, विषुववृत्तावर मोजलेली सरकच मोजायची असते. मार्च आणि सप्टेंबरमध्ये, विषुवदिनांच्या जवळ, सूर्य तिरका चाललेला असतो. चालीचा काही भाग उत्तर-दक्षिण जाण्यात खर्च होतो, पूर्वेकडची सरक कमी पडते, सौरदिवस आखूड होतो. जून आणि डिसेंबरमध्ये त्याची चाल विषुववृत्ताला समांतर असते, शिवाय तो विषुववृत्तापासून दूर असतो जिथे रेखांशाच्या रेषा जवळ आलेल्या असतात, म्हणून तेवढ्याच चालीत तो जास्त रेखांश ओलांडतो. सौरदिवस लांबतो. ही लाट वर्षातून दोनदा वरखाली होते, उंची जवळपास दहा मिनिटं. दोन लाटांची बेरीज केली की ते वाकडंतिकडं वक्र मिळतं. डिसेंबरअखेर दोन्ही कारणं एका दिशेने ओढतात, तेव्हा सौरदिवस चोवीस तासांहून तीस सेकंदांनी मोठा असतो. सप्टेंबरच्या मध्यावर तो वीसएक सेकंदांनी लहान असतो. रोजचे हे सेकंद साठत जाऊन चौदा आणि सोळा मिनिटं होतात.

हे स्वतः तपासता येतं, माद्रिदला नाही तर मालवणलाही. सपाट, समतल जागेवर मीटरभर उंचीची काठी ओळंबा लावून उभी करा, म्हणजेच जुन्या ज्योतिर्गणितातला शंकू. 'सावली सर्वांत आखूड झाली की वेळ लिहून घ्या' असं सांगतात, ते करू नका. मध्यान्हीच्या आसपास सावलीची लांबी इतकी सावकाश बदलते की पाच-सात मिनिटांची चूक सहज होते. त्याऐवजी मध्यान्हीच्या दोन तास आधी सावलीच्या टोकावर खूण करून वेळ लिहा, काठीच्या बुंध्याभोवती त्या त्रिज्येचं वर्तुळ काढा, आणि दुपारी टोक पुन्हा वर्तुळाला टेकेल ती वेळ लिहा. दोन वेळांचा मध्य ही मध्यान्ह. सूर्याची तबकडी अर्धा अंश रुंद असल्यामुळे सावलीचं टोक सेंटिमीटरभर तरी धूसर असतं. दोन्ही वेळी धूसरपणाची तीच कडा धरली की ती चूक आपोआप कटते. जागा उतरती असेल तर मात्र सगळं बिघडतं.

मुंबईत हे केलंत तर सरासरी १२ वाजून ३९ मिनिटं येतील, कारण भारतीय प्रमाणवेळ ८२.५ अंशांची आणि मुंबई ७२.८ अंशांवर. म्हणूनच १९०६ मध्ये प्रमाणवेळ आल्यावरही मुंबईने आपली ३९ मिनिटं मागची 'बॉम्बे टाइम' कित्येक दशकं सोडली नाही. आता हिशेब करा. मुंबईतला एकचा डबा सूर्याच्या घड्याळात १२ वाजून २१ मिनिटांनी उघडतो. माद्रिदमधलं उन्हाळ्यातलं अडीचचं जेवण सूर्याच्या घड्याळात सव्वाबाराला. 'स्पॅनिश माणूस आळशी, उशिरा जेवतो, मग झोपतो' हे प्रवासवर्णनांतलं लाडकं वाक्य उन्हाळ्यापुरतं तरी इथेच संपतं. हिवाळ्यात तेच जेवण सव्वाएकला पडतं, तेही काही अवेळी नाही.

राहुकाळाचे तक्ते घेऊन परदेशी जाणाऱ्यांनी हाच हिशेब करून पाहावा. सोमवारचा राहुकाळ साडेसात ते नऊ, हा छापील आकडा सूर्योदय सहाला आणि सूर्यास्त सहाला धरून दिवसाचे आठ भाग पाडल्यावर दुसऱ्या भागाचा येतो. जूनमध्ये व्हिगोत सूर्य सातच्या सुमारास उगवतो आणि सव्वादहाला मावळतो. त्याच रीतीने दुसरा भाग आठ चोपन्नला सुरू होऊन पावणेअकरा उलटून गेल्यावर संपतो. म्हणजे लोक तिथे साडेसात ते नऊ काम अडवून बसतात आणि त्यांच्याच शास्त्राचा अशुभ काळ सुरू होतो न होतो तोच कामाला लागतात. कुणाचं काही बिघडल्याचं ऐकिवात नाही.

शब्दांकडे परत येऊ. स्पेनमध्ये 'मेदिओदिया' दुपारचं जेवण होईपर्यंत ताणला जातो, 'बुएनोस दियास' हे सकाळचं अभिवादनही पुष्कळ लोक तोवर चालवतात. जेवणानंतर तार्दे. उन्हाळ्यात माद्रिदला आठ वाजता सूर्याचे पावणेसहा झालेले असतात, सूर्यास्ताला पावणेदोन तास अवकाश असतो, तेव्हा त्याला नोचे कोण म्हणेल? डिसेंबरात सूर्य सहाच्या आधी मावळतो, तरी आठला तार्दे म्हणणारे भेटतात. सवय ऋतूइतक्या लवकर बदलत नाही. म्हणून सात ते नऊच्या पट्ट्यात दोन्ही शब्द कानावर पडतील असं धरून चालावं. मध्यरात्रीनंतर उजाडेपर्यंत माद्रुगादा. 'पहाटे'पेक्षा हा शब्द लांब पसरतो, रात्रीचा एकही त्यात येतो.

अटलांटिकपलीकडे आकडे बदलतात. मेक्सिको शहर ९९.१ अंश पश्चिमेला, घड्याळ ९० अंशांचं, मध्यान्ह १२ वाजून ३६ मिनिटांनी, जवळजवळ मुंबईसारखी. २०२२ पासून देशाच्या बहुतेक भागात उन्हाळी वेळही नाही. बोगोटात मध्यान्ह बाराला चार मिनिटं कमी असताना, ब्वेनोस आयरेसला एकला सहा कमी असताना. या शहरांत वर्गातला तक्ता बऱ्यापैकी लागू पडतो आणि दुपारी दोनला निःशंक 'दोस दे ला तार्दे' म्हणावं.

स्पेनच्या रेडिओवर प्रत्येक तासाला वेळ सांगून झाल्यावर 'ऊना ओरा मेनोस एन कानारियास' अशी पुस्ती येते, कॅनरी बेटांवर एक तास कमी. बेटं आफ्रिकेच्या किनाऱ्यापलीकडे, त्यांतल्या तेनेरीफे बेटाची राजधानी १६.२५ अंश पश्चिमेला. चारने गुणा, ६५ मिनिटं. घड्याळ ग्रीनिचचं, त्यामुळे मध्यान्ह हिवाळ्यात एक वाजून पाचला, उन्हाळ्यात दोन वाजून पाचला. माद्रिदपासून घड्याळ तासाने वेगळं, तरी तिथल्या घड्याळातल्या दोनलाही मेदिओदियाच म्हणायचं.