द्राक्षाची काडी कुणाची? बागायतीच्या आजच्या पेचामागचा इतिहास

तासगाव भागात किंवा दिंडोरी-निफाडच्या पट्ट्यात हल्ली शेजारीशेजारी दोन दृश्यं दिसतात. एका वावरात थॉमसन किंवा सोनाका या द्राक्षजातींची जुनी खोडं उपटून बांधाला ढीग लावलेला असतो. पलीकडच्या वावरात परदेशी कंपनीशी करार करून आणलेलं नवं वाण मांडवावर चढत असतं. बाग तोडणारा खर्च आणि पावसापुढे हरलेला असतो. नवी लावणाऱ्याने कर्ज काढलेलं असतं, आणि आपल्याच बागेतली काडी, म्हणजे लागवडीसाठी कापलेला फांदीचा तुकडा, शेजाऱ्याला द्यायची मुभा करारामुळे त्याला नसते. यातली दुसरी गोष्ट मला जास्त महत्त्वाची वाटते, कारण महाराष्ट्रातली द्राक्षबागायत उभी राहिली ती काडी हातोहात फिरल्यामुळे.

स्वातंत्र्याच्या आसपास इथे भोकरी, फकडी, पंढरी साहेबी अशा बियांच्या जाती होत्या. पुण्याच्या गणेशखिंडीत फळशास्त्रज्ञ डॉ. चीमा यांनी निवडलेली चीमा साहेबी पुढे पसरली. बिनबियांचं थॉमसन सीडलेस आलं आणि हिशेबच बदलला. १९६०च्या सुमारास महाराष्ट्र राज्य द्राक्ष बागायतदार संघ स्थापन झाला. संघाच्या चर्चासत्रांतून आणि शिवारफेऱ्यांतून मणी मोठे करणाऱ्या जिबरेलिक आम्लाचा वापर, घडातल्या मण्यांची विरळणी, गर्डलिंग (खोडाच्या सालीचं बारीक कडं काढणं) या गोष्टी गावोगाव पोचल्या. उष्ण कटिबंधात वेल झोपत नाही, म्हणून एप्रिलमध्ये नव्या काड्या वाढवायला खरड छाटणी आणि ऑक्टोबरमध्ये फळ धरायला गोडी छाटणी, अशी वर्षाला दोन छाटण्यांची पद्धत इथे पक्की बसली. थंड देशांतल्या द्राक्षशास्त्रात याचं तयार उत्तर नव्हतं. ते बागायतदारांनी आणि इथल्या शास्त्रज्ञांनी मिळून शोधलं.

वाणांचंही तसंच झालं. तासगाव तालुक्यातल्या बोरगावच्या वसंतराव आर्वे यांनी थॉमसनच्या बागेतून तास-ए-गणेश हे वाण निवडलं. सोलापूरजवळच्या नान्नजच्या नानासाहेब काळे यांना लांबट मण्यांचा वेगळा वेल दिसला, त्यातून सोनाका आलं. काळं शरद सीडलेसही त्यांचंच. माणिक चमन सोलापूरकडचंच. नेहमीपेक्षा वेगळी दिसणारी एक फांदी माणसाने हेरली, तिची काडी शेजाऱ्याला दिली, त्याने पुढे पाहुण्याला दिली. पाणी खारवट झालं, दुष्काळ पडले, तेव्हा डॉगरिज या काटक जातीच्या खुंटावर कलम करण्याची रीतही अशीच पसरली. काडीला किंमत होती, पण कुलूप नव्हतं.

निर्यातीचा रस्ता मात्र सोपा नव्हता. १९९१ मध्ये द्राक्ष उत्पादकांच्या सहकारी संस्थांनी एकत्र येऊन महाग्रेप्स सुरू केली. पूर्वशीतकरण, शीतगृह, माल सडू नये म्हणून पेटीत घालायचा ग्रेप गार्डचा कागद हे सगळं तेव्हा नवं होतं. युरोपच्या बंदरात माल पोचेपर्यंत देठ हिरवा राहिला पाहिजे, एवढी एक अट शिकायलाच काही हंगाम गेले. २००३ मध्ये नेदरलँड्समध्ये भारतीय द्राक्षांत कीटकनाशकांचे अंश मर्यादेपेक्षा जास्त सापडले. त्यानंतर अपेडाने, म्हणजे शेतमाल निर्यातीच्या केंद्रीय संस्थेने, अंश तपासणीची योजना आखली आणि २००६ मध्ये ग्रेपनेट ही संगणकीय नोंदप्रणाली सुरू झाली. प्रत्येक बागेची नोंद, प्रत्येक बागेचा नमुना, पेटीवरून थेट प्लॉटपर्यंत माग. कागदपत्रांचा हा भार बागायतदाराने कुरकुरत का होईना उचलला, आणि युरोपचा विश्वास त्यावरच टिकला.

तरीही २०१० मध्ये घाव बसलाच. क्लोरमेक्वाट क्लोराइड, म्हणजे बागायतदारांच्या बोलीतलं सीसीसी, शेंड्याची वाढ रोखायला सर्रास वापरलं जायचं. इथल्या तपासणीच्या यादीत त्याचं नावच नव्हतं. युरोपात ते तपासलं गेलं, अंश सापडले, माल अडकला आणि पैसेही अडकले. बागायतदाराने नियम मोडला नव्हता. नियम त्याच्यापर्यंत पोचलाच नव्हता. त्याच्या आधीच्या नोव्हेंबरात फयान वादळाच्या पावसाने फुलोऱ्यातल्या बागांवर डावणी हा बुरशीजन्य रोग पसरवला होता. एकाच हंगामात दोन्ही बाजूंनी मार बसला.

व्यापारी करारांचा इतिहासही असाच उशिराचा आहे. युरोपीय संघाशी मुक्त व्यापाराची बोलणी २००७ मध्ये सुरू झाली आणि २०१३ मध्ये थांबली. त्याच २०१३ च्या मार्चपासून पेरूचा युरोपशी करार लागू झाला. पेरूच्या वाळवंटी किनाऱ्यावर पाणी नेऊन लावलेल्या बागा, नवी वाणं आणि शुल्कमुक्त प्रवेश यांच्या जोरावर तो देश आज ताज्या द्राक्षांच्या निर्यातीत जगात आघाडीवर आहे. चिली आणि दक्षिण आफ्रिकेलाही युरोपात शुल्क नव्हतं. आपल्या द्राक्षावर हंगामात सुमारे आठ टक्के होतं. आठ टक्के ऐकायला थोडे वाटतात, पण बागायतदाराच्या हाती उरणारा नफाच कित्येकदा तेवढा असतो. भारत-युरोप बोलणी पुन्हा सुरू व्हायला २०२२ उजाडलं. ब्रिटनशी करारावर जुलै २०२५ मध्ये सह्या झाल्या. मधली वर्षं परत मिळणार नाहीत.

तरीही निर्यात वाढली, हे मान्य केलंच पाहिजे. २०२३-२४ मध्ये सुमारे ३ लाख ४४ हजार टन द्राक्षं बाहेर गेली, ३,४६० कोटी रुपयांची. तांबड्या समुद्रातल्या हल्ल्यांमुळे जहाजं आफ्रिकेला वळसा घालून जात होती, भाडं वाढलं होतं, तरी हे झालं. पण देशाच्या एकूण उत्पादनाचा हा साधारण दहावा हिस्सा. उरलेला माल इथल्या बाजारात किंवा बेदाण्याच्या शेडवर जातो. शेजारचं मोठं गिऱ्हाईक बांगलादेश. त्याने आयात शुल्क वाढवलं की नाशिकच्या शिवारात दुसऱ्याच आठवड्यात दर पडतो.

देशातल्या विक्रीची दुखरी जागा म्हणजे शिवार सौदा. व्यापारी बागेत येतो, दर ठरतो, माल भरला जातो, पैसे नंतर. २०१६ मध्ये राज्याने फळं-भाजीपाला बाजार समितीच्या नियमनातून मुक्त केला. विकायचं स्वातंत्र्य मिळालं, ते चांगलंच झालं. पण माल भरून नेऊन पैसे बुडवणाऱ्या व्यापाऱ्याला आवरणारी सोपी यंत्रणा त्याबरोबर उभी राहिली नाही. दर वर्षी कुठल्या ना कुठल्या गावात कुणाचं तरी वर्षभराचं उत्पन्न असं बुडतं. धोरणातली ही उणीव माझ्या मते वाणांइतकीच मोठी आहे.

आणि मग पाऊस. खरड छाटणीनंतर काडीच्या डोळ्यांत, म्हणजे कळ्यांत, पुढचा घड तयार होतो, त्यासाठी कडक ऊन लागतं. २०२५ मध्ये मे महिन्यातच पाऊस सुरू झाला आणि ऑक्टोबरपर्यंत उसंत मिळाली नाही. गोडी छाटणी केली तेव्हा अनेक बागांत डोळे फुटले, पण घड नव्हते किंवा ते जिरून गेले. प्लास्टिकचं आच्छादन घडाला वाचवतं, पण एकरी खर्च असा की लहान बागायतदाराला अनुदानाशिवाय जमत नाही.

या सगळ्यात वाणाचा प्रश्न येऊन बसला आहे. युरोपच्या सुपरमार्केटांना मोठ्या मण्याची, कुरकुरीत, रंगीत द्राक्षं हवी आहेत, आणि तशी बहुतेक वाणं खासगी पैदासकारांच्या मालकीची आहेत. नाशिकजवळच्या मोहाडीच्या सह्याद्री फार्म्स या शेतकऱ्यांच्या कंपनीने करार करून आरा या परदेशी मालिकेतली वाणं आणली आणि आपल्या सभासदांना दिली. एकट्या शेतकऱ्याला हे शक्यच नव्हतं. आपला २००१ चा वाण संरक्षण कायदा शेतकऱ्याला बियाणं जपण्याचा आणि त्याच्या देवाणघेवाणीचा हक्क देतो. पण युरोपातला हक्क फळापर्यंत पोचतो: परवान्याशिवाय लावलेल्या वाणाचा माल तिथे अडवला जाऊ शकतो. काडी इथे कायद्याने लावता येईल, पेटी तिकडे उतरेलच असं नाही.

पुण्याजवळच्या मांजरीच्या राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्राने, १९९७ पासूनच्या आपल्या कामातून, मांजरी नवीन, मांजरी किशमिश अशी वाणं दिली आहेत. पण नवं वाण मांडवावर सिद्ध व्हायला वर्षं जातात, आणि परदेशी बाजार तेवढा थांबत नाही. नान्नजच्या बागेत नवी फांदी हेरणारी नजर अजून आहे. तिच्यामागे सार्वजनिक संशोधनाचा पैसा आणि संघाची जुनी शिवारफेरी पुन्हा उभी राहिली, तरच पुढच्या हंगामांत काडी बांधावरून पलीकडे जाईल.