'नाशिक'चे 'नाशकि' कसे होते?

गेल्या आठवड्यात द्वारका चौकाजवळच्या एका फ्लेक्सवर शहराचे नाव 'नाशकि' असे छापलेले दिसले आणि शेजारी उभ्या असलेल्या एका गृहस्थांनी त्याचे खापर लगेच आजच्या पिढीच्या शुद्धलेखनावर फोडले. ज्या शहरात १९२८ पासून चलनी नोटा छापल्या जातात, तिथे शहराचेच नाव असे छापले जावे, हे खटकते खरे. परंतु फ्लेक्स करणाऱ्याने बहुधा 'नाशिक' असेच टाइप केले असावे. वेलांटी सरकली ती सॉफ्टवेअरच्या एका सेटिंगमुळे.

इनडिझाइनसारखे पानमांडणीचे सॉफ्टवेअर नव्याने शिकणाऱ्याला पहिल्या दिवशी तीनच साधने पुरतात. काळा बाण संपूर्ण चौकट उचलतो, पांढरा बाण चौकटीच्या कडा किंवा आतले चित्र हलवतो आणि 'टी' हे टाइपचे साधन मजकुराची चौकट आखते. मजकूर चौकटीत मावेनासा झाला की उजव्या खालच्या कोपऱ्यात लाल अधिक-चिन्ह येते; त्यावर काळ्या बाणाने क्लिक करून पुढची चौकट आखली की उरलेला मजकूर तिच्यात वाहू लागतो. एवढे दोन तासांत हाताला बसते. मराठी माणसाची खरी परीक्षा त्यानंतर, मजकूर आत आल्यावर सुरू होते.

युनिकोडमध्ये, म्हणजे संगणकावर प्रत्येक अक्षरचिन्हाला ठरावीक क्रमांक (संकेतांक) देणाऱ्या पद्धतीत, 'नाशिक' हा शब्द पाच संकेतांक म्हणून साठवला जातो: न, काना, श, पहिली वेलांटी आणि क. हा क्रम उच्चाराचा आहे, म्हणून वेलांटी 'श'नंतर येते. डोळ्यांना मात्र ती 'श'च्या आधी दिसायला हवी. ही अदलाबदल अक्षरघडणीचे इंजिन करते. ते आधी मजकूर एकेका अक्षरात तोडते, मग प्रत्येक अक्षरातील पहिली वेलांटी व्यंजनाच्या आधी आणि रफार व्यंजनाच्या नंतर नेते आणि शेवटी फाँटमधल्या तक्त्यांना विचारून अर्धी अक्षरे व जोडाक्षरे बसवते. 'त्र्यंबक' या शब्दात आठ संकेतांक आहेत आणि त्यांतल्या पहिल्या पाचांतून 'त्र्य' हे एकच जोडाक्षर घडते. हे इंजिन बंद असेल तर संकेतांक साठवलेल्या क्रमानेच एकापुढे एक मांडले जातात. वेलांटी 'क'च्या डोक्यावर जाऊन बसते आणि 'त्र्य'चे तुकडे पाय मोडून उभे राहतात. गंमत अशी की 'पंचवटी' आणि 'गोदावरी' हे शब्द तेव्हाही वाचता येतात, कारण त्यांत ना पहिली वेलांटी आहे ना जोडाक्षर. त्यामुळे घाईने नजर टाकणाऱ्याला सगळे ठीक आहे असेच वाटते.

जुन्या, युनिकोडपूर्व फाँटची गोष्ट याच्या उलट आहे. त्यांत रोमन अक्षरांच्या जागांवर देवनागरीचे तुकडे बसवलेले असत आणि वेलांटी दिसते त्या क्रमाने, म्हणजे आधीच, टाइप केली जाई. असा मजकूर युनिकोड फाँटमध्ये नेला की रोमन अक्षरांचा गोंधळ दिसतो, आणि त्याला 'फाँट करप्ट झाला' किंवा 'व्हायरस आला' असे म्हणण्याची पद्धत आहे. एका छापखान्यात तर मॉनिटरला लिंबू-मिरची टांगलेली मी पाहिली आहे. तिथे गरज होती ती जुन्या फाँटचा मजकूर युनिकोडमध्ये बदलणाऱ्या कन्व्हर्टरची.

इनडिझाइनमध्ये उपाय पॅराग्राफ पॅनेलच्या मेनूत आहे: तिथे 'अडोबी पॅराग्राफ कंपोझर'ऐवजी अक्षरघडणीचे इंजिन चालू करणारा 'वर्ल्ड-रेडी पॅराग्राफ कंपोझर' निवडावा, आणि तोही एकेका परिच्छेदाला न लावता पॅराग्राफ स्टाइलमध्येच, म्हणजे परिच्छेदाच्या मांडणीच्या जतन केलेल्या साच्यात, नोंदवावा; मग ती स्टाइल लावलेल्या प्रत्येक परिच्छेदाला तो आपोआप लागू होईल. ओळींमधले अंतर आपोआप १२० टक्के धरले जाते, म्हणजे १२ पॉइंटच्या अक्षराला १४.४ पॉइंट, देवनागरीत वर रफार-मात्रा आणि खाली उकार येत असल्याने ते थोडे वाढवलेले बरे. नवीन फाइल उघडली की मजकूर ओतण्याआधी एका चौकटीत 'नाशिक, सर्व, त्र्यंबकेश्वर' एवढे टाइप करून पाहावे: पहिल्या शब्दात वेलांटी, दुसऱ्यात रफार आणि तिसऱ्यात जोडाक्षरे तपासली जातात.