वार्धक्यातील एकत्रित नेत्रविकार

उतारवयात एकाच व्यक्तीच्या डोळ्यांत दोन किंवा अधिक विकार एकाच वेळी असण्याची अवस्था. मोतीबिंदू, काचबिंदू (बहुधा डोळ्यातील दाब वाढून दृष्टीची नस खराब होणे), पीतबिंदूचा (डोळ्यामागील पडद्याच्या, म्हणजे दृष्टिपटलाच्या, मध्यभागाचा) ऱ्हास, मधुमेहामुळे होणारा दृष्टिपटलाचा विकार आणि डोळ्यांचा कोरडेपणा हे त्यांतले नेहमीचे. भारतात पन्नाशीपुढील अंधत्वाचे सर्वांत मोठे कारण मोतीबिंदू हेच. २०१५-१९ च्या राष्ट्रीय सर्वेक्षणात त्याचा वाटा ६६.२ टक्के आढळला. त्यामुळे म्हाताऱ्या माणसाला दिसेनासे झाले की घरचे ‘मोती पिकला असेल’ म्हणून मोकळे होतात, आणि त्यामागचा दुसरा विकार तपासायचा राहून जातो.

मोतीबिंदूने सगळेच धुरकट होते, दिव्यांचा उजेड फाकतो. काचबिंदू कडेची नजर गुपचूप खातो. पीतबिंदूच्या ऱ्हासात नेमके मधोमध पुसट होते. एकच विकार असला तर माणूस उरलेल्या नजरेवर निभावून नेतो, मधले दिसेना तर मान तिरकी करून कडेने बघतो. दोन्ही जडले की ती सोयही उरत नाही. तांदूळ निवडताना खडा हाताला लागतो पण दिसत नाही. जिन्याची शेवटची पायरी चुकते. पांढऱ्या कपात दूध किती ओतले ते कळत नाही, म्हणून काठावर बोट ठेवून ओतावे लागते. रस्त्यात भेटलेल्याचा चेहरा ओळखू येत नाही आणि समोरच्याला वाटते, काकांना हल्ली शिष्टपणा आलाय. यातले फारच थोडे दवाखान्यातल्या अक्षरांच्या तक्त्यावर उमटते. काचबिंदू बराच वाढलेला असतानाही तक्त्याची शेवटची ओळ वाचता येऊ शकते.

औषधांचा व्याप वेगळाच. दोन वेगवेगळ्या औषधांच्या थेंबांमध्ये किमान पाच मिनिटे थांबायचे असते, आणि बाटल्या दिसायला सारख्या. एका बाटलीला रबरबँड गुंडाळणे हा साधा उपाय चांगला चालतो. काचबिंदूच्या काही थेंबांतील परिरक्षकाने (औषध टिकवणाऱ्या द्रव्याने) कोरडेपणा वाढतो, मग डोळे चुरचुरतात म्हणून थेंबच बंद केले जातात. मधुमेही रुग्णाला इन्सुलिनच्या सिरिंजवरच्या रेघाही वाचता येत नाहीत.

मोतीबिंदू काढल्यावर रंग उजळतात, चालणे सोपे होते. पण पीतबिंदू खराब असेल तर वर्तमानपत्र पूर्वीसारखे वाचता येईलच असे नाही. हे शस्त्रक्रियेआधी सांगितलेले नसेल तर ‘ऑपरेशन फसले’ अशी समजूत होते. उलट, मोतीबिंदूने फुगलेल्या भिंगामुळे डोळ्यातील पाणी बाहेर जाण्याचा कोन अरुंद होऊन काचबिंदू झाला असेल, तर मोतीबिंदू काढल्याने दाबही उतरतो.

नजर बरीच गेलेल्या काहींना नसलेली माणसे, नक्षी, पक्षी दिसतात. घरच्यांना ते वेड किंवा बाहेरची बाधा वाटते, म्हणून बरेच जण बोलतच नाहीत. जिनिव्हाचे निसर्गशास्त्रज्ञ शार्ल बोने यांनी १७६० मध्ये आपल्या आजोबांच्या अशा अनुभवाची नोंद केली. आजोबा ८९ वर्षांचे, मोतीबिंदूची शस्त्रक्रिया झालेले. बुद्धी शाबूत, आणि दिसते ते खरे नाही हे त्यांना पक्के ठाऊक होते.