मनगटातली तार आणि खांद्याखालची तार

आमच्या काकांना पेसमेकर बसवला, ती बातमी रंकाळ्यावर सकाळी फिरणाऱ्या मंडळींत माझ्याआधी पोचली होती. एक आजोबा म्हणाले, "तार घातली म्हनं हृदयात? मला बी घातल्याली की, मनगटातनं. दुसऱ्या दिवशी घरी!" त्यांची झाली होती अँजिओप्लास्टी.

घोटाळा 'नस' या शब्दाचा आहे. हृदयाकडून रक्त नेणाऱ्या रोहिणीलाही आपण नस म्हणतो आणि हृदयाकडे रक्त आणणाऱ्या नीलेलाही. आजोबांची तार मनगटाच्या रोहिणीतून महारोहिणीपर्यंत गेली आणि तिथून हृदयाला रक्त पुरवणाऱ्या रोहिणीत शिरली. या रोहिण्या हृदयाच्या बाहेरच्या अंगावर असतात. तारेची जाडी साधारण ०.३६ मिलिमीटर. तुंबलेल्या जागी स्टेंट, म्हणजे जाळीची नळी, बसली की तार बाहेर. पाइपातला गाळ कडेला दाबून वाट मोकळी करण्यातला प्रकार.

काकांचा पाइप ठणठणीत होता, बिघाड ठोके सुरू करणाऱ्या विजेच्या स्टार्टरमध्ये होता. त्यांची तार, म्हणजे लीड, डाव्या गळ्याच्या हाडाखालच्या नीलेतून उजव्या अलिंदात, म्हणजे हृदयाच्या वरच्या कप्प्यात, आणि तिथून त्रिदली झडप ओलांडून उजव्या निलयात, म्हणजे खालच्या कप्प्यात, उतरली. जाडी दोन मिलिमीटरच्या आसपास. ही आतच राहते. टोकाचा बारीक स्क्रू फिरवून स्नायूत रोवतात.

रोवायची कुठे, इथं खरी कसोटी. उजव्या निलयाची भिंत जेमतेम ३ ते ५ मिलिमीटर, खालच्या टोकाशी आणखी पातळ. तिथं लीड जास्त रेटली तर आरपार जाऊ शकते, मग रक्त हृदयाभोवतीच्या पिशवीत साठून हृदयच आवळतं. म्हणून बरेच डॉक्टर दोन निलयांमधला जाड पडदा पसंत करतात. पण समोरून काढलेल्या एक्स-रेत पडदा आणि पुढची पातळ भिंत सारखीच दिसते. त्यासाठी मशीन डावीकडे तिरकं फिरवून बघतात: लीडचं टोक मणक्याकडे वळलं असेल तर पडदा, छातीच्या हाडाकडे असेल तर पुढची भिंत.

सगळ्यात वाईट चूक म्हणजे लीड डाव्या निलयात जाणं. अलिंदांमधल्या पडद्याला छिद्र असलं की असं होऊ शकतं, आणि समोरून पाहिलं तर सगळं जागेवर आहे असंच वाटतं. पण डावीकडच्या लीडवर गुठळी धरली तर ती थेट मेंदूकडे जाऊ शकते. ईसीजीचा आकारही इथं चुगली करतो, म्हणून तो नीट बघतात.

जपणूकही वेगळी. आजोबांनी काही दिवस मनगटानं जड उचललं नाही, संपलं. लीड मात्र स्नायूत धरेपर्यंत हलता कामा नये, म्हणून चार-सहा आठवडे तो हात खांद्याच्या वर न्यायचा नाही. काका तालमीतले. "नुसतं फिरवून बघतो," म्हणत मुद्गल शोधायला लागले. काकूनं ते आधीच माळ्यावर टाकले होते, आणि माळा हात वर केल्याशिवाय गाठता येत नाही.